सापळ्याच्या गोष्टी, वयावयाच्या

मराठीत 'सापळा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. उंदीर पकडायचा तो सापळा आणि माणसाच्या आत असतो तो हाडांचाही सापळाच. आमच्या घरी दखनी बोलतात. तिथे उंदराचा पिंजरा वेगळा, हड्ड्यांचा ढाँचा वेगळा. शाळेत मराठीच्या तासाला हा एकच शब्द दोन्हीकडे वापरलेला पाहिला आणि तो डोक्यात रुतून बसला, तो आजतागायत. आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचं आहे त्यांच्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ती हाडं दाखवतात आणि वाचकाला अडकवतात.

निमित्त असं की, गेली काही वर्षं आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात मी महिन्यातल्या एका शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. चार वर्षांच्या पोरापासून बारावीच्या मुलीपर्यंत सगळे येतात. त्यांना सोडायला आलेले आईवडील मागे बाकावर बसतात आणि नको नको म्हणता तेही ऐकतात. मुलांची मागणी ठरलेली असते. "काका, भुताची!" आणि पालकांचा प्रश्नही ठरलेला. मुलांना असली पुस्तकं द्यावीत का? रात्री झोपेत दचकतात, अंधारात संडासला जात नाहीत, असं गाऱ्हाणं असतं. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, कारण भूत कुठलं आणि ऐकणारा केवढा, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी अगदी लहानांचं पाहू. जॅनेट आणि अ‍ॅलन आल्बर्ग या इंग्रज नवराबायकोचं 'फनीबोन्स' नावाचं चित्रांचं पुस्तक आहे, १९८० सालचं. अ‍ॅलन आधी प्राथमिक शिक्षक होते, चित्रं जॅनेट काढायच्या. जॅनेट १९९४ मध्ये गेल्या, अ‍ॅलन अलीकडे २०२५ मध्ये. या पुस्तकात एक मोठा सापळा आहे, एक छोटा सापळा आहे आणि त्यांचा कुत्राही सापळाच. काळ्याकुट्ट टेकडीवरच्या काळ्याकुट्ट गावात, काळ्याकुट्ट तळघरात ते राहतात. एका रात्री कुणाला तरी घाबरवू या म्हणून बाहेर पडतात, पण सगळं गाव झोपलेलं. घाबरवायला कुणी नाहीच! मग बागेत झोके घेतात. कुत्रा काठीमागे धावताना आपटतो, त्याची हाडं सुटी होतात आणि हे दोघे ती जोडताना शेपटीच्या जागी भलतंच हाड लावतात. अखेर घाबरवायला दुसरं कुणी नाही म्हणून एकमेकांनाच घाबरवतात.

मी हे मराठीतून सांगतो. 'काळ्याकुट्ट'ची पुनरावृत्ती सुरू झाली की तिसऱ्या वेळी सगळी पोरं माझ्याबरोबर म्हणायला लागतात आणि कुत्र्याच्या हाडांशी आलो की हसून लोळतात. चार वर्षांच्या मुलाला सापळा म्हणजे मेलेला माणूस, हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी तो दात काढून हसणारा एक काठ्यांचा बाहुला आहे. अंधाराची भीती मात्र त्याला खरीखुरी असते आणि पुस्तक नेमकं तिलाच हात घालतं. अंधारात जे आहे तेच बिचारं सोबतीविना कंटाळलं आहे, असं कळलं की अंधार थोडा घरचा होतो. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीकडून हेच काम करून घेतलं. नाटक बघताना आईच्या पदरात तोंड लपवणारं मूल घरी आल्यावर चेटकिणीचीच नक्कल करतं. त्याला राजपुत्र व्हायचं नसतं.

मध्यंतरी एका मुलानं 'कोको' या २०१७ सालच्या चित्रपटातल्या सापळ्यांविषयी विचारलं. मेक्सिकोत दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांची आठवण जागवायचे दिवस असतात, साखरेच्या कवट्या करतात, कबरींवर झेंडूची फुलं वाहतात. आपल्याकडे पितृपंधरवड्यात किंवा शबे-बरातला पूर्वजांची आठवण काढतात, पण त्यांचा सापळा करून पोरांच्या हाती गोडधोड म्हणून द्यायची कल्पना आपल्याला झेपत नाही. माझी दादी असती तर तिनं 'तौबा तौबा' म्हणत कानाला हात लावला असता.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला हसरा सापळा पुरत नाही. त्याला आता प्रश्न पडायला लागलेले असतात. या वयासाठी वेताळ पंचविशीइतकी उत्तम योजना जगात दुसरी कुणी केली असेल असं मला वाटत नाही. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना 'चांदोबा'तून भेटली. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली निघालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती म्हणजे 'चांदोबा'. ती १९५२ पासून निघाली आणि आता बंद पडली आहे. अंक हाती आला की आम्ही आधी विक्रम-वेताळाचं पान काढायचो. स्मशान, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे वळून न बघणारा राजा. हे चित्र काढणाऱ्या शंकर यांचं २०२० मध्ये निधन झालं, २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत असेल. चित्र मात्र पंचाहत्तरीच्या आजोबांनाही डोळे मिटून दिसतं.

मूळ कथा फार जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त ती सांगितली. एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो, त्या फळांत रत्नं निघतात. मोबदल्यात तो राजाकडे मागणी करतो, की अमावास्येच्या रात्री स्मशानात ये आणि झाडाला लटकलेलं प्रेत घेऊन ये. प्रेतात वेताळ शिरलेला आहे. तो खांद्यावरून एक गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझ्या डोक्याची शकलं होतील अशी धमकी. आणि बोलला तर मौन मोडलं, प्रेत पुन्हा झाडावर. लहानपणी ही अट मला फक्त गमतीची वाटायची. आता कळतं की गोष्टीत भीती कुठे ठेवायची याचा तो वस्तुपाठ आहे. स्मशान सुरुवातीला आणि शेवटी, मधली सगळी जागा डोक्याला खुराक देणाऱ्या कोड्याला. मूल घाबरतं, पण घाबरून बसून राहायला त्याला फुरसतच नाही. तिघांपैकी खरा नवरा कोण, हे त्याला राजाच्या आधी सांगायचं असतं.

शेवटच्या कोड्याशी राजा गप्प होतो. वडिलांनी एका मुलीशी आणि मुलानं त्या मुलीच्या आईशी लग्न केलं, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? (माझ्या शनिवारच्या मुलांनी एकदा फळ्यावर यासाठी वंशावळ काढली होती. फळा पुरला नाही.) उत्तर येत नाही म्हणून राजा मौन पाळतो आणि म्हणूनच पुढे जाऊ शकतो. तेव्हा वेताळ त्याच्यावर खूश होऊन सांगतो, की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तुला साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा तू म्हण, 'मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव.' पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मला ही जागा फार मोलाची वाटते. गोष्टभर ज्या प्रेताला भ्यालो ते राजाचा जीव वाचवतं आणि ज्याच्या हातून रोज फळं घेतली तो जिवंत, सभ्य माणूस गळा कापायला बसलेला असतो.

इथं मला त्या पालकांइतकाच रास्त असलेला दुसरा आक्षेप घ्यायचा आहे. आमच्या वाचनालयात येणारे एक निवृत्त शिक्षक अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. ते म्हणाले, "तुम्ही शनिवारी भूत सांगता आणि आम्ही रविवारी ते उतरवत फिरतो." हसलो दोघंही, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा यांच्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला. अंगात भूत आहे म्हणून माणसाला मारहाण करणं, चटके देणं, एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून जगणं मुश्कील करणं, हे सगळं त्या कायद्यात गुन्हा म्हणून लिहावं लागलं. म्हणजे ते घडत होतं. अशा प्रदेशात भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यानं आपण काय सांगतो याचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

आपल्या भुतांची नावंच बघा. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा तो मुंजा, पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. वाट चुकवतो तो चकवा. माणूस मेल्यावरही त्याची जात, त्याचं लग्न झालं की नाही, बाई सवाष्ण होती की विधवा, हे आपण विसरत नाही. आमच्याही वाट्याला एक भूत आलेलं आहे. मुसलमान मेला की त्याचा खवीस होतो असं पुष्कळ गावांत मानतात. शब्द मूळचा अरबी, 'खबीस', म्हणजे दुष्ट, नापाक. लहानपणी गल्लीतल्या मित्रांनी मला हे सांगितलं तेव्हा मी दादीला विचारलं, की आपण मेल्यावर खवीस होणार का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "होना तो होगा. पन अब्बी रोटी खा." तिच्या गोष्टींत जिन्न असायचे. ते चिंचेखाली राहायचे, मिठाई मागायचे, कुणाला तरी शहाणपण शिकवून जायचे. पण तिनं कधी आमच्यापैकी कुणाच्या आजारपणाचा संबंध त्या चिंचेशी जोडला नाही. ताप आला की डॉक्टरकडे. मी त्या शिक्षकांना सांगितलं ते एवढंच, की मी तिची वहिवाट चालवतो. गोष्ट ज्या आवाजात सुरू केली त्याच आवाजात संपवतो आणि ती ऐकणाऱ्या पोराच्या शेजारणीचं, आजीचं किंवा गावातल्या वडाचं नाव तिच्यात येऊ देत नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी मात्र कुणाच्या परवानगीची गरज उरत नाही. या वयात आमच्या पिढीनं नारायण धारप वाचले, तेही पाठ्यपुस्तकात घालून. वाचनालयात धारपांच्या पुस्तकांची अवस्था बघण्यासारखी असायची. पुठ्ठा गेलेला, कोपरे दुमडलेले आणि महत्त्वाच्या जागी कुणाचा तरी तेलकट अंगठा. धारप (१९२५–२००८) स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते आणि शंभरावर पुस्तकं लिहूनही समीक्षकांच्या ओसरीवरच राहिले. त्यांच्या 'लुचाई'चा आधार स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' ही १९७५ सालची कादंबरी, हे आम्हाला फार उशिरा कळलं; पण रक्तपिपासू अमेरिकन भूत मराठी गावातल्या वाड्यात इतकं बेमालूम राहायला आलं होतं, की त्याचा पत्ता विचारावासा वाटला नाही. २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीही सांगितलं आहे, की मित्रानं जंगलात ऐकवलेली धारपांची एक कथा त्या चित्रपटाच्या मुळाशी आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं आणि भीती धारपांकडून.

या वयाला भूत कशाला लागतं? माझा अंदाज असा, की शरीर बदलत असतं, आरशात कुणी परकंच दिसतं, घरातली मोठी माणसं खोटं बोलतात हे नुकतंच कळलेलं असतं. धारपांच्या कथेत बाहेरून सगळं ठीक दिसणाऱ्या घरात काहीतरी भयंकर असतं आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला ते आधी जाणवतं. त्या वयात याहून खरी गोष्ट दुसरी कुठली वाटणार? मतकरींच्या गूढकथा त्याच्या थोड्या पुढच्या. 'खेकडा', 'कबंध', 'मध्यरात्रीचे पडघम' हे त्यांचे संग्रह. तिथे भूत बहुतेक वेळा माणसाच्या मनातून निघतं. लहानांना चेटकीण आणि मोठ्यांना 'खेकडा' देणारे मतकरी २०२० च्या मे महिन्यात करोनानं गेले. वयाच्या दोन्ही टोकांना इतक्या सहजपणे घाबरवणारा दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही.

आणि मोठ्यांसाठी? मोठ्यांसाठी माझ्याकडे रवींद्रनाथ ठाकूर आहेत. लोक चमकतात. 'गीतांजली'चे रवींद्रनाथ आणि सापळा? पण बंगालीत त्यांनी उत्तम भुताच्या कथा लिहिल्या आणि त्यांतल्या दोन तर थेट हाडांच्या आहेत. दोन्ही अनुवादातून वाचायला मिळतात.

'मणिहारा' १८९८ सालची. सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये 'तीन कन्या'त तिच्यावर चित्रपट केला. दागिन्यांवर जीव असलेली मणिमालिका, धंद्यात अडचणीत आलेला तिचा नवरा फणिभूषण. तो दागिने मागेल या धास्तीनं ती सगळे दागिने अंगावर चढवून होडीतून निघून जाते आणि नाहीशी होते. पुढे पावसाळी रात्री नदीच्या घाटावरून दागिन्यांची किणकिण पायऱ्या चढत वर येते. अखेर फणिभूषणाला दिसतो तो सापळा. प्रत्येक बोटात अंगठी, मनगटाच्या हाडात कंकणं आणि डोळे मात्र जिवंत. ही गोष्ट घाटावर बसलेल्या एका अनोळखी माणसाला तिथला शाळामास्तर सांगत असतो. शेवटी एका नावावरून कथा अशी काही उलटते, की पुन्हा पहिल्या पानावर जावं लागतं. ते नाव मी इथं सांगत नाही.

दुसरी 'कंकाल', १८९२ सालची. हिच्यामागे खरी हाडं आहेत. रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृती'त लिहिलं आहे, की लहानपणी त्यांना हाडांची नावं शिकवायला कॅम्पबेल मेडिकल स्कूलचा एक विद्यार्थी येत असे आणि त्यासाठी तारांनी जोडलेला माणसाचा सापळा आणून अभ्यासाच्या खोलीत टांगला होता. कथेतही तसंच आहे. पुढे मोठा झालेला निवेदक एका रात्री त्याच खोलीत झोपतो. दिवा विझतो आणि कुणीतरी अंधारात चाचपडत हिंडू लागतं. ती एक बाई असते. आपला सापळा शोधायला आलेली असते. मग ती मच्छरदाणीशेजारी बसून स्वतःची गोष्ट सांगते. बालविधवा, रूपवती, भावाच्या घरी राहणारी. भावाचा डॉक्टर मित्र तिच्यावर उपचार करतो, ती त्याच्यात गुंतते आणि तो हुंड्याच्या पैशांसाठी दुसरीकडे लग्न ठरवतो. ती त्याला विष देते, स्वतः घेते. वधूसारखी नटून पडते, कारण लोक येतील तेव्हा ओठांवर हसू असावं अशी तिची इच्छा असते. जाग येते ती थेट आमच्या निवेदकाच्या खोलीत. जिथे कधी काळी काळीज धडधडत होतं त्या बरगड्यांवर मास्तर छडी ठेवून मुलांना हाडांची नावं सांगतो आहे.

कथेत अंगावर येणारं दृश्य जवळजवळ नाही. ती बोलते, मिस्कीलपणे बोलते, मध्येच कथा कशी वाटली म्हणून विचारते. आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं, की शाळेत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जो सापळा होता, ज्याच्या तोंडात आपण खडू कोंबला होता, त्यालाही कुणी हाक मारत असेल. ही नुसती कल्पना नाही. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत टांगलेले सापळे दीर्घकाळ मुख्यतः भारतातून जात आणि कोलकाता हे त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. १९८५ मध्ये सरकारनं मानवी अवशेषांच्या निर्यातीवर बंदी घातली, तोवर हजारो गरिबांची हाडं, ज्यांच्या मयतीला लाकडं किंवा माती जमली नाही अशांची हाडं, तारांत ओवून परदेशी वर्गांत उभी राहिली. त्यांतल्या कुणालाही कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याचा कायदा १९४९ सालचा आहे आणि आता पुष्कळ लोक स्वखुशीनं देहदान करतात. तो वेगळा, आदराचा मामला. पण 'कंकाल'मधली बाई त्या आधीची आहे.

गेल्या पावसाळ्यात मी ही कथा बारावीच्या मुलामुलींना वाचून दाखवली. वीज गेली होती, म्हणून मोबाइलच्या उजेडात. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. नर्सिंगला जायचं ठरवलेली एक मुलगी होती, तिनं विचारलं, "सर, त्या बाईचं नाव काय?" मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. नाव कुठेच नाही. पुढच्या शनिवारी ती अर्धा तास आधी आली, तेव्हा मी तिला 'मणिहारा' काढून दिली आणि शेवटच्या ओळी आधी वाचायच्या नाहीत, एवढंच बजावलं.